दिवाळे आणि घेणेकऱ्यांची रांग

व्यापाराच्या गावात ‘दिवाळे’ हा शब्द सहसा मोठ्याने उच्चारला जात नाही. हुबळीच्या पेठेतही तो कुजबुजीनेच फिरतो. बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, त्यावरून हा शब्द आला, अशी समजूत आहे. कचेरीच्या भाषेत अशा माणसाला ‘नादार’ म्हणत. गंमत अशी की, जुन्या शाळांत गरीब विद्यार्थ्याला फी माफ होई, तिलाही ‘नादारी’च म्हणत. एकाच शब्दाने शाळेत आधार दिला आणि कोर्टात अब्रू घेतली!

माणसाच्या नादारीसाठी १९२० चा प्रांतिक कायदा होता. अर्ज जिल्हा न्यायालयात करावयाचा. कंपनीचे बुडणे मात्र निराळे. तेथे भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागाच्या रकमेपुरतीच. ती भरली की त्याचे घरदार सुरक्षित. मग जी काही मालमत्ता उरते तीतून कोणाचे देणे आधी द्यावयाचे, हाच खरा प्रश्न होऊन बसतो.

या प्रश्नाचे दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. गदग-विजापूरमार्गे लोहमार्गाने हुबळीशी जोडलेले सोलापूर १९४९ साली धारवाडप्रमाणेच मुंबई प्रांतात होते. तेथील सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीने २७ जुलै १९४९ रोजी कामगारांना नोटीस दिली आणि २७ ऑगस्टला गिरणी बंद केली. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. गैरव्यवस्थेमुळे आवश्यक मालाचे उत्पादन घटले व बेकारी ओढवली, हे त्याचे कारण सांगितले होते. जुने संचालक व मॅनेजिंग एजंट गेले. भागधारकांना संचालक निवडता येईना. आणि घेणेकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून कंपनी मोडीत काढण्याचा अर्जही करता येईना.

चालू ठेवावयाची म्हणजे गिरणीला पैसा हवा. कंपनीचे ३२,००० अग्रहक्क भाग होते; प्रत्येकी १०० रुपयांचे, पण त्यांवर ५० च भरलेले. नव्या संचालकांनी उरलेले ५० मागितले. एकूण रक्कम १६ लाख! द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने त्यास हरकत घेतली. याच कायद्याविरुद्ध चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला होता. तथापि १८ डिसेंबर १९५३ रोजी त्याच न्यायालयाने द्वारकादास यांच्या बाजूने कौल दिला. भरपाईवाचून कंपनीची मालमत्ता अशी ताब्यात घेता येत नाही, असे ठरले. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने मर्यादित मुदतीसाठी कारभार हाती घेण्यास पुन्हा वाट करून दिली.

या दोन्ही निकालांचे घटनाशास्त्रात मोठे महत्त्व मानले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते वाचताना एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. वाद भागधारकाच्या मालमत्तेचा चालला होता. ज्याची मजुरी थांबली तो कामगार आणि ज्याने उधारीवर माल दिला तो आडत्या, हे त्या वादाच्या कडेलाच राहिले. कंपनी मोडीत काढण्याच्या अर्जात कामगारांचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९८२ साली, तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांच्या थकबाकीला तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. त्याच वर्षी आजारी उद्योगांसाठी कायदा झाला. त्याच्या मंडळापुढे प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत, आणि दाव्यांना स्थगिती असल्याने घेणेकरी हात चोळीत बसत.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने रांग स्पष्ट लिहिली आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडून देणारे धनको, बरोबरीने. नंतर इतर नोकरांचा १२ महिन्यांचा पगार. नंतर विनातारण कर्ज देणारे. त्यामागे सरकारची देणी. माल पुरविणारा व्यापारी याच्याही मागे उभा राहतो. कंपनीचे भवितव्य ठरविणाऱ्या समितीत कर्ज देणाऱ्या संस्थांना मत आहे, त्याला सामान्यतः नाही. वास्तविक बँकेपाशी तारण असते, व्यापाऱ्यापाशी बहुधा केवळ बिल. तरीही समितीत त्याचे तोंड बंद, हे न्यायाला धरून वाटत नाही.

अर्ज करण्यासाठी किमान थकबाकी प्रारंभी एक लाख होती. २४ मार्च २०२० रोजी ती एक कोटी झाली. अर्थात हुबळीच्या ज्या व्यापाऱ्याचे चाळीस लाख अडकले, त्याला एकट्याने हे दार ठोठावता येत नाही. ज्याला येते त्यालाही बेंगळूरुच्या न्यायाधिकरणाकडे जावे लागते. सोलापूरच्या त्या अग्रहक्क भागधारकांचे स्थान या रांगेत शेवटून दुसरे आहे; त्यांच्यामागे फक्त साधे भागधारक.