सुतळी बॉम्ब ते शॉक ट्यूब
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘आपल्या सोसायटीची मुलगी अमेरिकेत प्राध्यापक आहे’ एवढ्यावर माझी ओळख संपवली ते बरं झालं. पुढे ‘स्फोटामुळे होणाऱ्या इजांवर संशोधन’ असं म्हटलं की लोक जरा मागे सरकतात. काल जिन्यात एका काकूंनी विचारलंच, “म्हणजे तू बॉम्ब बनवतेस का गं?” नाही काकू. बॉम्ब फुटल्यावर माणसाच्या आत काय होतं ते मी बघते.

त्याची सुरुवात याच कंपाउंडमध्ये झाली. सोसायटीची दुसरी की तिसरी दिवाळी असेल. पाण्याच्या टाकीशेजारी आम्ही सुतळी बॉम्ब लावला, तो फुटेना. मी बी विंगमधल्या माझ्या मित्राला म्हणाले, “जा, वात विझली का बघून ये.” तो दोन पावलांवर जाऊन वाकला आणि बॉम्ब फुटला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. पडदा काही आठवड्यांत भरून आला. कानातली शिट्टी मात्र अजून वाजतेच आहे. तेव्हा सगळे त्यालाच ओरडले, ‘कशाला जवळ गेलास?’ मी गप्प बसले होते.

बाहेरून माणूस धडधाकट, आत मात्र काहीतरी बिघडलेलं. हाच माझा विषय आहे. स्फोट झाला की हवेचा दाब एका मिलिसेकंदाच्याही आत चढतो, मग उतरतो, आणि उतरताना नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो. वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण 35 किलोपास्कल, म्हणजे एक तृतीयांश, जादा दाब आला की कानाचा पडदा फाटू लागतो. कान, फुप्फुसं, आतडी, जिथे जिथे हवा आहे तिथे धोका जास्त.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला डॉक्टरांना कोडं पडलं होतं, की हा दाब नाकातोंडातून फुप्फुसात शिरतो की छातीवर बाहेरून आदळतो? सॉली झुकरमन यांनी सशांच्या अंगाभोवती रबर गुंडाळून प्रयोग केले आणि 1940 साली ते प्रसिद्ध केले. रबराखालची फुप्फुसं बरीचशी बचावली होती. म्हणजे मार छातीच्या भिंतीतून येत होता. इतका साधा प्रयोग! माझ्या विद्यार्थ्यांना मी तो पहिल्याच तासाला सांगते.

मेंदूचं कोडं जास्त जुनं आणि जास्त अवघड. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक थरथरत, विसरत, मुके होत. चार्ल्स मायर्स यांनी 1915 साली ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला, आणि हे शरीराचं दुखणं की मनाचं, हा वाद सुरू झाला. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत तो पुन्हा वर आला. चांगल्या चिलखतांमुळे जवान स्फोटातून वाचत, पण घरी आल्यावर झोप नाही, लक्ष लागत नाही, आणि स्कॅन अगदी नॉर्मल.

मी मुंबईत मेकॅनिकल केलं. सगळे कॅम्पस इंटरव्ह्यूच्या मागे असताना मी बायोमेडिकलकडे वळले. बाबांनी महिनाभर अबोला धरला होता. अमेरिकेत गेल्यावर शॉक ट्यूबशी गाठ पडली. ही एक लांब नळी. एका टोकाच्या कप्प्यात दाबाखाली वायू भरायचा, पुढे प्लास्टिकचा पातळ पडदा. दाब वाढत गेला की पडदा फाटतो आणि लाट नळीतून धावत सुटते. पडदा किती जाड, त्यावर लाट किती मोठी ते ठरतं. त्या लाटेसमोर भूल दिलेले उंदीर ठेवतात. हे आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “गणपतीच्या वाहनावर हात उचलतेस?” मला पटकन उत्तर देता आलं नाही.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मोठी चूक केली. हात सहज पोचतो म्हणून उंदीर नळीच्या तोंडाशी ठेवत होते. पण तिथे नुसती लाट नसते, तिच्यामागून वायूचा जोरदार झोत येतो. मला दिसत होती ती इजा लाटेची की झोताची, हे सांगता येईना. जवळजवळ वर्षभराचं काम बाजूला ठेवावं लागलं. पुढे नळीच्या आत, योग्य जागी ठेवून सगळं परत केलं. आकडे पुन्हा मिळाले, पण ते आधीचे उंदीर उगाच गेले, हे अजून टोचतं.

आता माझा गट हेल्मेटवर काम करतो. हेल्मेट आणि डोकं यांच्यामधल्या फटीत लाट शिरली तर काही ठिकाणी दाब उलट वाढू शकतो. तोफा चालवणाऱ्यांना सरावात वारंवार बसणारे लहान धक्के, हा दुसरा प्रश्न. पैसा बराचसा संरक्षण खात्याकडून येतो, हे मी लपवत नाही. त्यावर घरी वादही होतात.

तो मित्र आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय. काल गच्चीवर त्याला म्हटलं, “तुला मीच पाठवलं होतं, उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे.” तो म्हणाला, “उजव्या बाजूला येऊन सांग, इकडून ऐकू येत नाही.”

एक कामाचं सांगते. 2016 च्या मे महिन्यात आपल्या एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आई काय झालं बघायला अनवाणी खिडकीकडे धावली होती. 6 डिसेंबर 1917 ला कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात जहाज पेटलं, ती आग बघायला लोक खिडक्यांशी उभे होते. मग स्फोट झाला आणि काचांनी शेकडो लोकांचे डोळे जखमी झाले. झगमगाट आधी दिसतो, धक्का मागून येतो, किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लावून. मोठी आग किंवा झगमगाट दिसला, तर खिडकीशी जाऊ नका, मोबाईल घेऊन तर नाहीच.

काच फुटली तरी तुकडे उडू नयेत म्हणून लावायची फिल्म मिळते. निदान जिन्यातल्या मोठ्या काचांना तरी ती लावावी, अशी कमिटीला विनंती केली आहे. सचिव म्हणाले, “पुढच्या एजीएममध्ये घेऊ.” तुम्ही सगळे साक्षीदार आहात.