सर्पदंश, मंत्र आणि वैद्यक
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्या, विवाह व वसतिगृह या विषयांवर भाषणे होतात. आज आम्ही निराळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपल्यापैकी पुष्कळांची शेते मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात अथवा वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या रानालगत आहेत. रोवणीच्या चिखलात उतरणाऱ्या पायांना आणि पावसाळी रात्री भुईवर निजणाऱ्या लेकरांना सर्पाचे भय आहे. यास्तव हे चार शब्द.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही धानपट्ट्यातील एका गावी शिक्षक होतो. श्रावणातील एका पहाटे आमच्या वर्गातील एक मुलगा पोटदुखीने तळमळू लागला. अंगावर दंशाची खूण दिसेना. आम्ही म्हणालो, शिळे अन्न बाधले असेल. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तेव्हा वडीलधाऱ्यांनी मांत्रिकास बोलाविले. गावाने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही गप्प राहिलो. दुपारी बैलगाडी इस्पितळाच्या वाटेवर असतानाच मुलगा गेला. तो मण्यारीचा दंश होता, हे आम्हांस मागाहून समजले. मण्यार रात्री निजलेल्या माणसास चावते. वेदना नसते, खूणही बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटतात आणि अखेरीस श्वास कोंडतो. ते आमचे मौन आजही आम्हांस सलते.

कोणी विचारील, मांत्रिकाच्या हातून माणसे बरी होतात, त्याचे काय? उत्तर सरळ आहे. बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असे रोगी मंत्राविनाही वाचले असते. श्रेय मात्र मंत्रास मिळते आणि जे दगावतात त्यांचा दोष दैवावर जातो. हिशेबाची अशी वही कोणताही वाणी मान्य करणार नाही.

खरा हिशेब कसा मांडावा, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोकणात महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने मुले दगावताना पाहिली. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेविल्या आणि प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग सिद्ध केला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. विंचवाचे प्रतिविष निघाल्यावर त्यांनी 70 रोग्यांचे दोन गट करून एकास केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्यास दोन्ही औषधे दिली. दुसरा गट लवकर बरा झाला. 2011 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुरावा म्हणतात तो यास.

सर्पविषावरील औषध एकच, प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषाची अल्प मात्रा घोड्यास टोचून त्याच्या रक्तातून ते सिद्ध करितात. बालकासही प्रौढाइतकीच मात्रा लागते, कारण साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही. घोणस वा फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. म्हणून रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलविता ठेवितात. ते गोठले नाही तर विष भिनले असे समजतात. विषाची लक्षणे नसताना प्रतिविष देत नाहीत, कारण त्याचीही बाधा होऊ शकते. तेव्हा डॉक्टर काही वेळ नुसते लक्ष ठेवून बसले, तर त्यांच्याशी हुज्जत घालू नये.

आपले काम निराळे. रोग्यास धीर द्यावा. अंगठ्या, बांगड्या, तोडे काढावेत. मोडलेल्या हाडाप्रमाणे दंशाच्या अवयवास काठी बांधून तो स्थिर ठेवावा. दोरीने आवळू नये, चिरू नये, विष चोखू नये, सापाच्या पाठीस लागू नये. दंशाची वेळ लिहून 108 क्रमांकास कळवावे. वाहनास विलंब असेल तर दुचाकीवर रोग्यास मध्ये बसवून, मागे एकाने धरून, न्यावे.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लक्ष माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती, म्हणजे आपल्यासारखीच.

संस्थेपाशी आमची दोन मागणी आहेत. प्रत्येक गावच्या शाखेने प्रतिविष मिळणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि रात्री वाहन देणाऱ्या दोघांचे क्रमांक समाजमंदिराच्या भिंतीवर लिहावेत. आणि लग्नाच्या आहेरात भांड्यांबरोबर एक मच्छरदाणी द्यावी. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांप्रमाणे मण्यारीसही बाहेर ठेविते.

मांत्रिकाचा अपमान करावा, असे आम्ही म्हणत नाही. देवाचे नाव घ्यावयाचे तर गाडीत बसून घ्यावे, पण गाडी आधी निघावी. त्या पहाटे आम्ही एवढेच बोललो असतो तर कदाचित एक घर उजाड झाले नसते. आपण तरी गप्प राहू नये, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.