गाडीच्या मागच्या बाजूचा ‘खट्ट’ आवाज : कारण कसे शोधावे?

(शेतकरी मेळाव्यात ‘शेतमाल वाहतुकीच्या वाहनांची निगा’ या विषयावर दिलेले व्याख्यान)



दारात बैलगाडी होती, तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाला चाकाच्या कुरकुरीवरूनच कळत असे की आखाला वंगण हवे आहे. आता बैलगाडीच्या जागी पिकअप आली. कान तेच आहेत, पण ऐकण्याची सवय गेली. गाडी आवाज करते आणि आपण टेप मोठा करतो!

माझ्या परिचयातील एका टोमॅटो उत्पादकाच्या पिकअपमधून मागच्या बाजूला ‘खट्ट’ असा आवाज येत होता. गॅरेजमध्ये दोन्ही शॉकअप बदलून झाले. पैसे गेले, आवाज राहिला. हंगाम जोरात होता म्हणून त्याने ते दुखणे तीन आठवडे अंगावर काढले. एका पहाटे साठ क्रेट भरून बाजाराला जाताना घाटाच्या वळणावर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, मागचा एक्सल एका बाजूने सरकला आणि गाडी चरात गेली. क्रेटवर बसलेल्या दोन मजुरांपैकी एकाचा हात मोडला. माल रस्त्यावर सांडला, तो वेगळाच. मूळ कारण काय होते? यू बोल्टचे नट सैल झाले होते. ते वेळीच आवळले असते तर काम अर्ध्या तासाचे होते. म्हणून आज मी आपल्याला गाडी दुरुस्त करायला नव्हे, तर आवाज ओळखायला सांगणार आहे.

आधी गाडी रिकामी करा

पाना हातात घेण्यापूर्वी जॅक, पान्यांची पिशवी, स्टेपनी, साखळी, मागचा फाळका आणि सायलेन्सर हलवून पाहा. स्टेपनीचा सैल बोल्ट किंवा चेसीवर आपटणारा सायलेन्सर अगदी एक्सलसारखाच आवाज करतो. यानंतर चाकांचे नट तपासा. ते सैल असतील तर गाडी पुढे नेऊच नका.

आवाज कधी येतो?

आवाज कोठून येतो हे कानाला फसवते, कारण पत्र्यातून तो सगळीकडे फिरतो. कधी येतो, हे मात्र फसवत नाही. सोबत एका माणसाला घ्या, त्याला शेजारच्या आसनावर बसवा, मागे हौद्यात नको. मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी सावकाश चालवा आणि पुढील गोष्टी पाहा.

१. गाडी उचलताना, किंवा दुसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून सोडताना एकदाच ‘खट्ट’ होते का? तसे असेल तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, शाफ्टचा सरकता सांधा किंवा डिफरन्शियलमधील गिअर यांत ढिलाई आहे.

२. पुढे जाताना ब्रेक लावला की एकदा, आणि रिव्हर्समध्ये ब्रेक लावला की पुन्हा एकदा आवाज येतो का? तसे असेल तर एक्सल पाट्यांवर पुढे-मागे सरकत असावा. यू बोल्ट आणि पाट्यांच्या डोळ्यातील बुश पाहा. हा आवाज सर्वांत धोक्याचा समजा.

३. फक्त खड्ड्यात किंवा बांध ओलांडताना येतो का? मग शॉकअपचे रबरी बुश, शॅकल, तुटलेला पाटा किंवा पाटे एकत्र धरणारी पट्टी पाहा.

४. सरळ रस्त्यावर, चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो का? टायरवर खडूने एक रेघ मारा, सोबत्याला सुरक्षित अंतरावरून बाजूने चालायला सांगा आणि गाडी माणसाच्या चालीने चालवा. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच आवाज आला तर दोष चाक, ड्रम किंवा बेअरिंगमध्ये असण्याचा संभव जास्त. एका फेऱ्यात साधारण चार वेळा आला तर तो प्रोपेलर शाफ्टकडचा, कारण अशा गाड्यांत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे सुमारे चार फेरे होतात.

५. फक्त आखूड वळणावर येतो का? डिफरन्शियलमधील लहान गिअर आणि चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे लागेल.

गाडीखाली जाण्यापूर्वी

येथे एक चूक अनेकजण करतात. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणजे ती हलणार नाही असे समजून मागचे एक चाक जॅकवर उचलतात. डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरू शकते आणि गिअर गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा ओंडके लावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका, एक्सलखाली मजबूत घोडी लावा. विटांची रास चालणार नाही. वीट दाबाने फुटते.

खाली सांगितलेली बहुतेक तपासणी चारही चाके जमिनीवर असतानाच करता येते.

काय पाहावे?

*यू बोल्ट व सेंटर बोल्ट :* एक्सल पाट्यांना घट्ट धरून ठेवण्याचे काम यू बोल्टचे. ते सैल झाले की सगळा भार मधल्या बारीक सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. पाटा व एक्सलची बैठक यांच्यामध्ये घासून चकचकीत झालेले लोखंड किंवा गंजाचा ओघळ दिसला तर सांधा हलतो आहे असे समजा. मोजपट्टीने पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक आढळला तर एक्सल सरकला आहे. अशी गाडी मागून पाहिली तर तिरपी चालताना दिसते. तिच्यात माल भरू नका.

यू बोल्ट आवळताना एकच नट शेवटपर्यंत आवळू नये. चारही नट समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळावेत, आणि किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे. पाटे उतरवून पुन्हा बसवले असतील तर काही शे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत. आटे खराब झालेले किंवा ताणलेले यू बोल्ट परत वापरू नयेत.

*क्रॉस व प्रोपेलर शाफ्ट :* इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाकांना ओंडके. आता शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळा व वर-खाली हलवा. क्रॉस आणि त्याला धरणारा काटा यांच्यात थोडीही हालचाल दिसली तर क्रॉस झिजला आहे. क्रॉसच्या टोप्यांजवळ तांबूस भुकटी दिसली तर आतले ग्रीस संपले आहे. ग्रीस निपल असेल तर वेळेवर ग्रीस भरा, शाफ्टच्या सरकत्या सांध्यालाही द्या. पुष्कळदा गाडी उचलतानाचा आवाज एवढ्यानेच थांबतो.

*बुश व शॅकल :* पहारीने पाट्याचा डोळा हळूच उचकटून पाहा. रबर फाटले असेल तर बोल्ट आत हलताना दिसेल. करकर थांबवण्यासाठी रबरी बुशवर डिझेल किंवा ऑइल ओतू नका. रबर फुगते व लवकर फाटते. नवे रबरी बुश बसवल्यावर शेवटचे आवळणे चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच करावे, हे मिस्त्रीला आवर्जून सांगा.

*डिफरन्शियल :* गाडी सपाट जागी असताना ऑइलची पातळी पाहा. ऑइल काढल्यावर चुंबकावर बारीक चकाकणारी भुकटी दिसणे ही साधारण झीज आहे. लोखंडाचे तुकडे किंवा दाताची कपची मिळाली तर गाडी तेथेच थांबवून हाऊसिंग उघडून घ्या. क्राऊन-पिनियन जुळवणे हे मापाचे व अनुभवाचे काम आहे, ते घरी करू नये.

जादा पाटा हा उपाय नव्हे

गाडी बसते म्हणून एक पाटा वाढवायचा, ही आपल्याकडची आवडती युक्ती. पाट्याने गाडी उंच दिसते, पण एक्सल, बेअरिंग, क्रॉस आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही. जादा भाराचा धक्का मग त्यांच्यावर बसतो. एका फेरीत चार क्रेट जास्त नेऊन जे मिळते, ते एका क्राऊन-पिनियनमध्ये जाते.

मिस्त्रीला काय सांगावे?

‘मागून आवाज येतो’ एवढे सांगितले तर मिस्त्री अंदाजाने भाग बदलतो. त्याऐवजी ‘भरलेल्या गाडीत, ब्रेक लावताना, एकदाच, उजवीकडून’ असे सांगा. हे चार शब्द आपले पैसे वाचवतात. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि तो कोठे झिजला आहे ते स्वतः पाहा.

शेवटी एवढेच सांगतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ गाडीसाठी राखून ठेवा. पिकावर कीड दिसली की आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. गाडीच्या आवाजाचेही तसेच आहे. आणि माल भरलेल्या हौद्यात माणसे बसवू नका. माल पुन्हा पिकवता येतो.