जंतूंच्या हातून घडणारा दगड

चुनखडीचें नांव घेतलें कीं शंख, शिंपले आणि पोवळीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्याला शिंपा नाहीं कीं हाड नाहीं, अशा एकपेशीय सूक्ष्मजंतूच्या हातूनहि कॅल्शियम कार्बोनेट घडतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. 'हातून' म्हणणें अर्थात् सोयीचें आहे. जंतु दगड घडवावयास बसत नाहीं, तो आपला आहार घेत असतो.

मातींत सांपडणारा 'स्पोरोसार्सिना पाश्चुराय' हा जंतु पहा. मूत्रांतील युरिया हें द्रव्य तो फोडतो. त्यांतून अमोनिया व कार्बोनेट निघतें. गोठ्यांत शिरतांच नाकास झोंबतो तो हाच अमोनिया. त्याच्या योगानें भोंवतालचें पाणी अल्कधर्मी होतें, आणि त्यांत कॅल्शियम विरघळलेलें असल्यास तें कार्बोनेटशीं संयोग पावून स्फटिकरूपानें खालीं बसतें. जंतूच्या अंगावर ऋण विद्युद्भार असतो, कॅल्शियमचा भार धन. यामुळें कॅल्शियम त्याच्या अंगाशींच गोळा होतें व पुष्कळदां पहिला स्फटिक तेथेंच धरतो. पुढें थरावर थर चढून आंतल्या जंतूचें अन्नपाणी तुटतें. आपल्याच जेवणाच्या उष्ट्यांत चिणला जाण्याचा हा प्रकार! स्फटिक सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर त्यांत जंतूच्याच आकाराचीं भोंकें दिसतात.

ही किमया एकाच जातीची नव्हे. मातींतील जंतूंनीं असे स्फटिक करणें ही सर्वसाधारण गोष्ट आहे, असें प्रतिपादन करणारा निबंध १९७३ सालीं 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

मग हाच दगड झिजत्या दगडाच्या उपयोगीं कां पडूं नये? पावसाचें पाणी किंचित् आम्ल असतें. तें चुनखडीच्या जुन्या इमारती कणाकणानें विरघळवितें. झिजलेला चिरा काढून नवा बसवितां येतो, परंतु जुन्या पाथरवटाच्या छिन्नीची खूण त्याबरोबर जाते, ती परत येत नाहीं. म्हणून पश्चिम फ्रान्समधील तूआर गांवीं सँ मेदार चर्चच्या मनोऱ्याच्या कांहीं भागावर १९९३ सालीं जंतु फवारले, आणि त्यांना पोषक द्रव्यें पुरविलीं. दगडावर त्याच्याच जातीचा पापुद्रा धरावा, हा हेतु. असा पापुद्रा केसाहूनहि पातळ असतो. त्यानें पाणी शोषलें जाण्याचें प्रमाण घटतें, परंतु दगडाचीं छिद्रें बुजत नाहींत व आंतली ओल बाहेर पडूं शकते. सिमेंटच्या गिलाव्यास हें साधत नाहीं. मात्र खोलवर भुसभुशीत झालेल्या चिऱ्यापुढें जंतूंचें कांहीं चालत नाहीं. तेथें पाथरवटच बोलवावा लागतो.