भट्टीवरची नानकटाई ते नक्षीची बिस्किटं

आज आपण बिस्किटांविषयी बोलणार आहोत. बारसं, वाढदिवस, साखरपुडा, दिवाळी, रुखवत अशा घरच्या कार्यासाठी साखरेची नक्षी काढलेली बिस्किटं घरी कशी करायची, ते सांगणार आहे. मात्र शेवटी मी हिशेबावर येणार आहे, तेव्हा कृती लिहून झाली की उठून जाऊ नका. खरं बोलायचंय ते तिथंच आहे.

माझं माहेर कराडजवळचं. मी लहान असताना दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आई मैदा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत भरायची, रिकामा पत्र्याचा डबा माझ्या हातात द्यायची आणि आम्ही एसटीनं कराडला भट्टीवर जायचो. तिथं बायकांची ही रांग लागलेली असायची. भट्टीवाला आपल्या सामानाची नानकटाई करून द्यायचा आणि किलोमागं भाजणावळ घ्यायचा. दुसऱ्याचा माल आपल्या डब्यात येऊ नये म्हणून आई पत्र्यापासून हलायची नाही. गरम नानकटाईचा डबा मांडीवर घेऊन परत येताना सगळ्या गाडीत वास सुटायचा. तुमच्यापैकी कितीतरी जणींना हे आठवत असेल.

त्या नानकटाईवर नक्षी एवढीच, की वर सुरीनं एक फुली आणि मधोमध चारोळी. पण म्हणून नक्षी आपल्याला नवी आहे असं समजू नका. आखाडात कापण्या करताना आपण कातणानं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडतो आणि वरून खसखस लावतो. करंजीला मुरड घालतो. संक्रांतीला नव्या सुनेसाठी, लहान बाळासाठी हलव्याचे दागिने करतो. रुखवतात तर काय काय मांडतो! गोव्यातले ख्रिस्ती लोक नाताळात फराळाचं ताट शेजारीपाजारी वाटतात, त्याला कुस्वार म्हणतात. त्यात आपली करंजी असते, नेवरी या नावानं. तिकडं जर्मनीत नाताळाच्या बिस्किटांवर पांढऱ्या साखरेनं नक्षी काढतात, नाव लिहितात. म्हणजे सणाला गोड करायचं आणि ते सजवायचं, ही हौस सगळीकडं सारखीच.

आता कृती. पहिली गोष्ट, नानकटाईचं पीठ नक्षीच्या बिस्किटाला चालत नाही. नानकटाईत तूप जास्त असतं, बेकिंग पावडर असते. ती भाजताना पसरते आणि वर फुटते. तिची शोभाच ती. पण आपल्याला चंद्र किंवा बैल कापायचा असेल तर तो भाजल्यावरही चंद्र आणि बैलच राहिला पाहिजे. म्हणून तूप कमी घ्यायचं आणि बेकिंग पावडर घालायची नाही.

प्रमाण लिहून घ्या. मैदा ५०० ग्रॅम, थिजलेलं तूप २५० ग्रॅम, पिठीसाखर २०० ग्रॅम, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि लागेल तसं थंड दूध, साधारण तीन-चार मोठे चमचे. तूप पातळ करायचं नाही. थिजलेल्या तुपात साखर घालून हातानं पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं. मग चाळलेला मैदा घालून नुसता गोळा करायचा. चपातीच्या कणकेसारखा मळायचा नाही, मळला की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट कडक होतं. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेतली तरी चालते. रंग तांबूस येतो आणि दूध थोडं जास्त लागतं.

हा गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवा. फ्रीज असेल तर उत्तम. नंतर पोळपाटावर अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटा. सगळीकडं जाडी सारखी पाहिजे, नाहीतर कडा करपतात आणि मधे कच्चं राहतं. साचे विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही. वाटीनं गोल कापता येतो. त्याच वाटीची कड थोडी सरकवून परत दाबली की चंद्रकोर होते. पुठ्ठ्यावर बैल काढून, वर स्वच्छ बटर पेपर गुंडाळून, त्याच्या कडेनं सुरी फिरवली की बेंदराचा बैल तयार.

ओव्हन असेल तर १६० ते १७० अंशावर १५ ते १८ मिनिटं. नसेल तर जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. तळाला किलोभर मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापू द्या. मग बिस्किटांची ताटली आत ठेवून आच बारीक करा. कडा जराशा तांबूस दिसल्या की काढा. गरम असताना बिस्किट मऊ लागतं, म्हणून कच्चं समजून परत आत घालू नका. निवलं की ते खुसखुशीत होतं.

वरच्या साखरेसाठी २०० ग्रॅम पिठीसाखर पातळ फडक्यातून चाळा. घरी दळलेली असेल तर त्यात चमचाभर कॉर्नफ्लॉवर मिसळा. दोन मोठे चमचे पाणी आणि लिंबाचे चार-पाच थेंब घ्या, पण पाणी एकदम ओतू नका, थेंबाथेंबानं घाला. चमच्यानं रेघ ओढली आणि दहा मोजेपर्यंत ती बुजली, की ही साखर आत भरायला योग्य झाली. कडेची रेघ काढायला याहून घट्ट लागते. रंगाला बीटाचा रस घेतला तर गुलाबी, चिमूटभर हळदीनं पिवळा. हळदीच्या साखरेत खायचा सोडा पडू देऊ नका, लाल होईल. बाजारचा रंग घ्यायचाच असेल तर पाकिटावर खाण्याचा रंग म्हणून लिहिलेलं आहे का ते बघा. रांगोळीचा रंग, कपड्याचा रंग चुकूनही नको.

बटर पेपरचा कोन करायचा, मेंदीचा करतो तसाच. ज्या बाईला मेंदीचा कोन धरता येतो तिला हे दुसऱ्या दिवशी येतं. आधी कडेची रेघ, मग आतली भर. बिस्किट पूर्ण थंड झाल्याशिवाय साखर लावायची नाही. सात-आठ तास पंख्याखाली वाळू द्यायचं. पावसाळ्यात याहून जास्त वेळ लागतो. नीट वाळल्याशिवाय एकावर एक ठेवलीत तर सगळी नक्षी वरच्याच्या बुडाला चिकटते.

हे सगळं मी चुकत चुकत शिकले. आमच्या गटातल्या तिघींनी मिळून हे काम धरलं. पहिल्या खेपेला आमचे चंद्र पसरून एकमेकांना चिकटले, कारण आम्ही तूप पातळ करून घातलं होतं. दुसऱ्या खेपेला गरम बिस्किटावर साखर लावली आणि सगळा रंग ओघळला. पोरांनी आनंदानं खाल्ली, तो भाग वेगळा.

मग पहिली ऑर्डर आली, आमच्या वन्संची. त्यांच्या नातवाचं बारसं होतं, बिस्किटं हवी होती १००. त्यांना वर बाळाचं नाव पाहिजे होतं. मी म्हटलं, "वन्सं, नाव तर बारशात आत्या कानात सांगणार, आम्ही आधी कुठून लिहायचं?" मग चंद्र, चांदण्या आणि बाळाची पावलं ठरली. पैशाचं बोलणं निघालं तेव्हा त्या म्हणाल्या, "घरचंच तर काम आहे वहिनी, दहा रुपयाला एक द्या." मी हो म्हटलं. गटातल्या दोघींना विचारलंसुद्धा नाही.

बिस्किटं छान झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. चार दिवसांनी गटाच्या बैठकीत आम्ही वही काढली. त्या वेळच्या भावानं मैदा एक किलो ५० रुपये, तूप अर्धा किलो ३२५, साखर एक किलो ५०, दूध-वेलदोडे ४०, गॅस ६०, खोकी आणि बटर पेपर १२०. एकूण ६४५. हातात आले १०००. उरले ३५५. आम्ही तिघींनी दोन दिवसांत प्रत्येकी नऊ तास काम केलं होतं, म्हणजे २७ तास. भागून बघा. तासाला १३ रुपये.

आमच्यातली एक जण रोजानं जाणारी. तिनं हळूच विचारलं, "ताई, माझ्या वाट्याला किती आले?" मी म्हटलं, ११८. ती काही बोलली नाही. त्या दोन दिवसांत ती भांगलणीला गेली असती तर जास्त मिळाले असते, हे तिला कळत होतं आणि मलाही. पुढच्या बैठकीला ती आली नाही.

मी तिच्या घरी गेले. तिची सासू दारातच म्हणाली, "बिस्किटांच्या नादात माझ्या सुनेचा दोन दिवसांचा रोज बुडाला." मला उत्तर देता येईना, कारण म्हातारी खरंच बोलत होती. घरी आल्यावर विचार केला. मैद्याचे पैसे धरले, गॅसचे धरले, खोक्याचे धरले. धरले नाहीत ते फक्त आमच्या हातांचे. घरात आपण जन्मभर असंच करत आलो. आपल्या श्रमाची किंमत लावायची असते, हे कुणी शिकवलंच नाही. आणि माझी चूक याहून मोठी होती. नातं माझं होतं आणि रोज दुसरीचा बुडाला होता.

मी तिला सांगितलं, "चूक माझी. आता भाव तिघी बसून ठरवू." बसलो. सामानाचे ६४५ धरले आणि आधी मजुरी धरली, मग भाव काढला. एक बिस्किट २५ रुपये. १०० बिस्किटांचे २५००. सामान वजा जाता १८५५, म्हणजे प्रत्येकीला ६१८. तासाला साधारण ६८ रुपये. हात बसला की तास कमी लागतील आणि हाच आकडा वाढेल.

भाव सांगितल्यावर काही गिऱ्हाइकं परत गेली. जाऊ द्या. दुकानात पाच रुपयाचा पुडा मिळतो हे खरंच आहे, पण त्यावर आपल्या नातवाची पावलं नसतात. वन्संना मी स्पष्ट सांगितलं, "तुमच्या कार्याला मी एकटी हातानं करून देईन, ती माझी माया. पण गटाचं काम गटाच्या भावानं." महिनाभर त्या नीट बोलल्या नाहीत. दिवाळीत मात्र त्यांनीच त्यांच्या शेजारणीला आमच्याकडं पाठवलं, निम्मे पैसे आगाऊ देऊन.

विकायचं ठरवलंत तर आणखी तीन गोष्टी पाळा. एक, अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा आहे. त्याखाली आपल्यासारख्या लहान व्यवसायालाही नोंदणी लागते. नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो, तो खोक्यावर छापायचा. गटाच्या सीआरपी ताईंना विचारा, त्या रस्ता दाखवतील. दोन, खोक्यावर केल्याची तारीख, वजन आणि आत काय काय आहे ते लिहा. दूध, गहू, काजू-बदाम हे शब्द मोठे लिहा, कुणाला त्याचा त्रास असू शकतो. आम्ही पंधरा दिवसांत संपवा असंही लिहितो. तीन, आगाऊ घेतल्याशिवाय सामान भरू नका, पाव्हण्यांचं काम असलं तरी.

ती रोजानं जाणारी मैत्रीण परत आली. आता हिशेबाची वही तिच्याकडं असते आणि ती पहिला रकाना मजुरीचा लिहिते. मैत्रिणींनो, तुम्ही बिस्किटं करा, कुरडया करा, चटण्या करा, पिशव्या शिवा. तुमच्याही वहीत तो रकाना आहे का, तेवढं आज घरी जाऊन बघा. नसेल तर आजच आखा.