परदेशी मदत आणि घरचा उस्ताद

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, कसबा पेठ, पुणे येथे केलेले भाषण)



मला दिलेला विषय नावाने मोठा आहे: विकसनशील देशांतील शिक्षकांचे प्रशिक्षण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य. २०३० पर्यंत प्रशिक्षित शिक्षकांची संख्या वाढवावी, त्यासाठी देशांनी एकमेकांस साह्य करावे, असे संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरविले. तुम्ही म्हणाल, मास्तर, हा मोठ्या लोकांचा कारभार; कसब्यातल्या आईबापांना त्याचे काय? पण त्यातला सर्वांत मोठा दाखला येथून पायी जाण्याच्या अंतरावर, बुधवार पेठेत आहे.

सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली. १८३९ पासून ती अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवीत होती. १८६२ साली ती तेथेच वारली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि तसेच काम पुण्यात करण्याचे मनात घेतले. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. तो वाडा स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरविला गेला.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकण्यात अर्थ नाही. पण सावित्रीबाईंनी तेथून शिकविण्याची रीत तेवढी उचलली, बाकीचे तेथेच ठेवले. बाहेरून इल्म घ्यावयाचे म्हणजे आपले सोडावयाचे, ही भीती आपल्यात अजून आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता आपल्या घरची बाजू. जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. त्यांच्या वडिलांची समजूत घालून त्यांना पुन्हा शाळेत पाठविण्यास लावणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे एक होते. ना त्यांच्याकडे संस्था होती, ना परदेशी पैसा. शेजारी म्हणून बोलले. आणि सावित्रीबाईंच्या १८५६ सालच्या पत्रात फातिमेचे नाव येते. आपण गावी असताना कामाचा भार तिच्यावर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. ज्या बाईच्या भरवशावर शाळा सोडून जाता येत होते, तिची योग्यता याहून वेगळी काय सांगावी?

आमच्या काळातलेही सांगतो. २०१६ ते २०१९ या वर्षांत महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘तेजस’ नावाचा इंग्रजी शिक्षकांचा उपक्रम चालविला. त्यात शिक्षकांनी आपल्या भागात गट करून जमावयाचे आणि वर्गातल्या अडचणी एकमेकांपुढे मांडावयाच्या, अशी योजना होती. मला ही कल्पना पटते, कारण दुसऱ्या तऱ्हेचे प्रशिक्षणही मी भोगले आहे. एकदा पाच दिवस पाहुण्या तज्ज्ञांची व्याख्याने ऐकली, जाड फाईल घेऊन आलो. वर्गात साठ मुले, एका बाकावर तिघे. फाईल कपाटात गेली. पुढे मी आणि शेजारच्या वर्गाचे सर एकमेकांच्या तासाला मागे बसू लागलो, तेव्हा कुठे त्या फाईलमधली दोन पाने कामास आली. मी प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देऊन टाकतो, हे मला त्यांनी सांगितले! बी.एड.ला हे कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा पाहुणा रीत देईल. वर्गात उभा राहणारा माणूस मात्र आपल्याच मोहल्ल्यातून यावा लागेल. गेल्या साली माझी एक विद्यार्थिनी चांगल्या गुणांनी बारावी झाली. तिला शिक्षिका व्हावयाचे होते. वालिद म्हणाले, “दोन वर्षे शिकून नोकरी कुठे आहे, मास्तर?” सवाल खोटा नाही. शिक्षक पात्रता परीक्षा आहे, भरतीची वाट पाहावी लागते. मी त्यांना भरवशाचा जबाब देऊ शकलो नाही आणि त्या दिवशी गप्प परतलो. मुन्शीजी गप्प बसले नसते. या वर्षी मी पुन्हा त्या घरी जाणार आहे. तुमच्यापैकी कोणी बुजुर्ग बरोबर आले तर माझे बळ वाढेल.

आणि ज्यांच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मला भेटावे. अर्ज कसा भरावयाचा, शिष्यवृत्तीला कोणते दाखले लागतात, ते बसून पाहू. मुलीला बरोबर आणा. तिच्यामागे नुसते तिचे कागद पाठवू नका.