काडीच्या त्रिकोणापासून पाबळच्या घुमटापर्यंत

सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि गुल खरवडलेल्या आगपेटीच्या काड्या, एवढ्या सामानात भूमितीचा बराचसा भाग हाताने शिकता येतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागताच कलतो. तो ताठ करायचा तर कर्णावर एक काडी टाकावी लागते, आणि नेमकी तिथे नेहमीची काडी अपुरी पडते. कर्ण बाजूच्या जवळजवळ १.४१ पट असतो, हे मुलाला लांब काडी शोधताना कळते. फळ्यावर लिहिलेले वर्गमूळ विसरले जाते, अपुरी पडलेली काडी सहसा विसरली जात नाही.

या काड्यांचा खेळ शाळांपर्यंत नेला तो अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरमधून १९७५ साली पदवी घेऊन ते पुण्यात टेल्कोत रुजू झाले. १९७८ मध्ये त्यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले. खेड्यातल्या शाळेला प्रयोगशाळा परवडत नाही, पण गावच्या बाजारात जे मिळते त्यातून विज्ञान उभे करता येते, हे सूत्र तिथे पक्के झाले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे काम वर्षानुवर्षे चालवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या खेळण्यांतली विजेची मोटार नमुन्यादाखल पाहण्याजोगी आहे. एक बॅटरी, सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या इनॅमल तारेचे वेटोळे एवढेच सामान. खरी मेख तारेच्या टोकांत आहे. एक टोक पूर्ण घेराने खरवडायचे, दुसरे फक्त अर्ध्या घेराने. दोन्ही पूर्ण खरवडली तर अर्ध्या फेरीनंतर बल उलटे होते आणि वेटोळे फिरण्याऐवजी जागच्या जागी डुलत राहते. अर्धा घेर झाकलेला असला की त्या वेळेपुरता प्रवाह तुटतो आणि वेटोळे आपल्या गतीने पुढे सरकते. पहिल्या खेपेला मोटार बहुधा फिरत नाही. का फिरली नाही याचा शोध हाच खरा धडा असतो, आणि घाईने मदतीला धावणारा शिक्षक तो हिरावून घेतो.

काड्यांच्या त्या त्रिकोणाचा मोठा उपयोग पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला झाला. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया ही कामे प्रत्यक्ष करत शिकवायची, हा तिथला मार्ग. लोखंडी त्रिकोण जोडून उभारलेली घुमटाकार घरे ही पाबळची ओळख झाली. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस याच पद्धतीने शिकवण्याचा अभ्यासक्रमही आश्रमाने शाळांत नेला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली. जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबांमध्ये तिची गणना होते.

खेळणे आणि घुमट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. खेळणे फिरले की काम झाले. घुमटाखाली मात्र कुणीतरी राहणार असते, म्हणून मापात चूक चालत नाही. पाबळच्या पद्धतीची ताकद इथे आहे: मुलाने केलेली वस्तू कुणाच्या तरी गरजेची असते. उत्पादक कामातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत नई तालीमच्या रूपाने मांडला गेला होताच. पाबळने त्याला चरख्याऐवजी वेल्डिंग यंत्र दिले.

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब ही केंद्र सरकारची योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सुरू आहे. निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सर्किटचे संच येतात. साधने चांगली आहेत. पण ज्या मुलाने पकड, करवत आणि मोजपट्टी हाताळली नाही, त्याच्या हातात प्रिंटर म्हणजे बटण दाबून निघणारी शोभेची वस्तू. कुलूपबंद खोलीतला संच तर कुणाच्याच कामाचा नाही.

पुणे जिल्ह्यातल्याच मुळशी तालुक्यातल्या शाळांना हाताने शिकण्याचे विषय शोधायला लांब जावे लागत नाही. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ रोजी चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. प्लॅस्टिकच्या बाटलीचा साधा पर्जन्यमापक अशा दिवशी केव्हाच भरून वाहतो. मग १० सेंटिमीटर व्यासाचे तोंड आणि खाली २० सेंटिमीटर व्यासाचे भांडे अशी रचना करावी लागते. क्षेत्रफळ चौपट असल्याने तो पाऊस भांड्यात १३९ मिलिमीटर उंचीवर मावतो. कमी पावसाच्या पूर्व भागात हीच रचना उलटी करायची: तोंड रुंद, भांडे अरुंद. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते. पाणचक्की आणि सायकलचा डायनॅमो जोडून त्याची छोटी प्रतिकृती करता येते. बांबू तालुक्यात आहे, पिरंगुटच्या कारखान्यांत फिटर आणि वेल्डर आहेत. त्यांना तासाला बोलावले तर शाळेला निराळा प्रशिक्षक शोधावा लागणार नाही. डोळ्यांना चष्मा, कापताना बोटे पात्यामागे, घरच्या वीजजोडणीला हात नाही, एवढे नियम मात्र पहिल्या दिवसापासून हवेत.

मुळशी तालुक्यातल्या शिक्षकांनी येत्या जूनपूर्वी आपापल्या शाळेत मुलांकडून एक पर्जन्यमापक करून घ्यावा, रोज सकाळी ठरल्या वेळी नोंद ठेवावी, आणि पावसाळा संपल्यावर शेजारच्या शाळांच्या नोंदींशी ती ताडून पाहावी.